नवी मुंबईला भाड्याचे घर हवे आहे

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
शहर व औद्योगिक विकास महामंडळ (सिडको),
सिडको भवन, सी. बी. डी. बेलापूर, नवी मुंबई.



बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी धावू लागली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूने शिवडी आणि उरण तालुका समुद्रावरून जोडले, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन होऊन त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून विमाने उडू लागली. या साधनांच्या पाठोपाठ जी माणसे या शहरात येत आहेत, म्हणजे विमानात सामान चढविणारे कामगार, सुरक्षारक्षक, परिचारिका, स्वयंपाकी, तंत्रज्ञ, त्यांतील बहुतेक येथे घर विकत घेण्यासाठी येत नाहीत. ती कामासाठी येतात, आणि पहिला पगार हाती पडण्यापूर्वीच त्यांना भाड्याची खोली शोधावी लागते. ती खोली कोणी बांधावी, कोणाच्या पैशाने बांधावी आणि तिचे भाडे कोणत्या हिशेबाने ठरावे, हा प्रश्न आपल्या महामंडळाने आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी आजवर आणलेला नाही. तो आता आणावा, आणि यापुढे महामंडळ जी घरे बांधील त्यांतील एक निश्चित हिस्सा विक्रीस न काढता स्वतःच्या मालकीत ठेवून भाड्याने द्यावा, ही विनंती करण्यासाठी मी हे पत्र जाहीररीत्या लिहीत आहे.

ही विनंती महामंडळाच्या मूळ हेतूशी सुसंगत आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडील शहराची जी कल्पना मांडली आणि जिच्यातून १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तिचा आर्थिक पाया असा होता की जमीन सार्वजनिक संस्थेने आधी ताब्यात घ्यावी, शहर वाढेल तसतशी त्या जमिनीची किंमत वाढेल, आणि ती वाढ कोणा एका सावकाराच्या किंवा विकासकाच्या तिजोरीत न जाता शहराच्याच उभारणीस लागावी. आपण आजही जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देता. वाशीतल्या, नेरुळमधल्या, खारघरमधल्या हजारो सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या दस्तऐवजांत पट्टा देणारे महामंडळच आहे. ज्या संस्थेने जमिनीची मालकी एवढ्या दूरदृष्टीने हातात राखली, तिने त्या जमिनीवरील घरे मात्र बांधून विकून टाकावीत, आणि शहरात नव्याने येणाऱ्या माणसाला देण्यासाठी आपल्या हाती परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा मोठा साठा ठेवू नये, हा विसंवाद दूर करण्याची वेळ आली आहे.

महामंडळाने हे काम अंगावर घेतले नाही, म्हणून ते दोन निराळ्या हातांनी केले. पहिला हात या भूमीच्या मूळ मालकांचा, आगरी-कोळी ग्रामस्थांचा. ज्यांची भातशेती आणि मिठागरे ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील गावांतून संपादित झाली, ज्यांच्यापैकी पाच जणांनी जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमावले, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून ज्यांना पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना मिळाली, त्या कुटुंबांकडे शेती गेल्यावर उपजीविकेचे साधन म्हणून गावठाणातील राहते घर आणि त्याभोवतीची थोडी जागा एवढेच उरले. मग त्या जागेवर खोल्या उठल्या. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, करावे अशा कोणत्याही गावठाणात आज गेले तर हे दृश्य दिसते: तळमजल्यावर मालकाचे कुटुंब, वर तीन-चार मजले, प्रत्येक मजल्यावर अरुंद बोळाच्या दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, जिन्याखाली विजेच्या मीटरांची रांग, पाण्याच्या टाकीची वेळ भिंतीवर खडूने लिहिलेली, आणि फाटकावर ‘रूम भाड्याने देणे आहे’ ही पाटी. घाऊक बाजारातला माथाडी, औद्योगिक पट्ट्यातला यंत्रचालक, ऐरोलीच्या कार्यालयात रात्रपाळी करणारी मराठवाड्यातली मुलगी, अशी माणसे या एकाच जिन्याने चढतात.

हा नवी मुंबईचा खरा भाडे-गृहसाठा आहे, आणि तो उभा करण्यास कोणत्याही बँकेने कर्ज दिलेले नाही. नुकसानभरपाईतून उरलेली रक्कम, घरातले सोने, भाऊबंदांची उसनवारी, आणि खालच्या मजल्याच्या भाड्यातून वरच्या मजल्याची भिंत, अशा क्रमाने हे इमले चढले. अनेकांना बांधकाम परवानगी नाही; सरकारी भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हटले जाते, आणि ती नियमित करण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे निर्णयांच्या आणि दुरुस्त्यांच्या फेऱ्यांत अडकून पडला आहे. दस्तऐवज निर्वेध नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून जिना रुंद होत नाही, अग्निशमनाची सोय होत नाही, जुना स्लॅब दुरुस्त होत नाही. शहरातील सर्वांत कमी भाड्यात राहणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न अशा रीतीने एका कागदापाशी येऊन थांबतो.

दुसरा हात मध्यमवर्गीय गुंतवणूकदाराचा. खारघर, उलवे, तळोजा येथील नव्या इमारतींत ज्यांनी दुसरे घर घेतले ते बहुधा नोकरदार आहेत, आणि आपल्या वृद्धापकाळाची तरतूद व्हावी ही त्यांची इच्छा पूर्णपणे रास्त आहे. परंतु त्यांच्या व्यवहाराचा हिशेब कोणीतरी उघडपणे मांडला पाहिजे. समजा, सदनिका ८० लाखांची आहे. २० लाख पदरचे घातले आणि ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीने काढले. मासिक हप्ता सुमारे ५२ हजार रुपये होतो. त्या सदनिकेस दरमहा २० हजार रुपये भाडे मिळते असे धरले, तर वर्षाचे भाडे २ लाख ४० हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. त्यातून संस्थेची देखभाल, मालमत्ता कर, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना आणि संस्थेचे बिनभोगवटा शुल्क वजा करावयाचे. हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारू नये असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. एवढे खर्च न धरताही मालकाला दरमहा ३२ हजार रुपये स्वतःच्या पगारातून घालावे लागतात, आणि वीस वर्षांत केवळ व्याजापोटी सुमारे ६५ लाख जातात. घरभाड्याचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यास २०१७-१८ पासून वर्षाला २ लाखांची मर्यादा पडली आहे, आणि नव्या करप्रणालीत तेवढीही सवलत नाही.

म्हणजे हा व्यवहार भाड्यावर उभा नाही. तो घराची किंमत वाढेल या आशेवर उभा आहे. ज्याची आशा किमतीवर आहे त्याला भाडेकरू हा आपल्या धंद्याचा आधार वाटत नाही, तो मध्यंतरीची अडचण वाटतो. म्हणून पुष्कळ सदनिका कुलूपबंद राहतात. म्हणून अकरा महिन्यांनी करार संपवून भाडे वाढविले जाते. म्हणून संस्थेच्या सूचनाफलकावर ‘फक्त कुटुंबास’ असा ठराव झळकतो, आणि त्याच संस्थेच्या रहिवाशांची रुग्णालयात रात्रभर शुश्रूषा करणाऱ्या अविवाहित परिचारिकेस तेथे घर मिळत नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. आणि २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत नमूद आहे की भारतीय शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. घरांचा तुटवडा आणि रिकामी घरे एकाच शहरात शेजारी नांदतात, याचे एक मोठे कारण या हिशेबात आहे.

मालकांच्या मनातील भीतीला इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात ते संरक्षण आवश्यक होते, पण तात्पुरते म्हणून आलेले बंधन पन्नास वर्षे टिकले, चाळींची दुरुस्ती थांबली, पागडीचा व्यवहार फोफावला आणि भाड्यासाठी घर बांधणे हा मुंबईतील प्रतिष्ठित व्यवसाय लयास गेला. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी कब्जात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूंचे संरक्षण दिले, तेव्हा ‘एकदा दिलेले घर परत मिळत नाही’ ही समजूत घराघरांत पक्की झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये गोठविलेल्या भाड्याची तरतूद अन्याय्य ठरविली, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. आता नोंदणीकृत परवाना-कराराची मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क आकारता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी न केल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. तेव्हा मालकांनी जुनी भीती सोडावी आणि नवे कर्तव्य ओळखावे, असे माझे त्यांनाही सांगणे आहे.

परंतु मालकांची भीती गेली तरी वरच्या हिशेबातील दरी भरून निघत नाही, आणि येथेच महामंडळाचे काम सुरू होते. ऐरोलीचेच उदाहरण पाहावे. तेथील मोठ्या कार्यालयीन संकुलांची भाडी ऑगस्ट २०२० पासून शेअर बाजारात नोंदलेल्या एका स्थावर-मालमत्ता गुंतवणूक न्यासामार्फत हजारो लहानमोठ्या गुंतवणूकदारांत वाटली जातात. कार्यालयाचे भाडे त्याच्या किमतीच्या मानाने पुरेसे येते म्हणून तेथे भांडवल धावत जाते. त्याच कार्यालयात काम करणाऱ्याच्या घराचे भाडे तीन टक्के येते म्हणून तेथे कोणी फिरकत नाही. घराच्या किमतीतील मोठा भाग जमिनीचा असतो, आणि बाजारभावाने घेतलेल्या जमिनीवर कष्टकऱ्याला परवडेल असे भाडे आकारून व्याज फिटणे अशक्य आहे. बाजारभावाने जमीन घेण्याची ही अट ज्या संस्थेला लागू नाही अशी या प्रदेशातील मोठी संस्था आपली आहे.

पुन्हा एक हिशेब मांडतो. जमिनीची किंमत न धरता एका लहान सदनिकेचा बांधकामखर्च २५ लाख मानावा, आणि तो दीर्घ मुदतीच्या रोख्यांतून साडेसात टक्क्यांनी उभा करावा. वर्षाचे व्याज १ लाख ८७ हजार ५०० रुपये. देखभालखर्च वेगळा घेऊन भाडे दरमहा १२ हजार ठेवले, तर वर्षाला १ लाख ४४ हजार येतात. १९९९ च्या अधिनियमाने जुन्या भाडेकरूंसाठी मान्य केलेली वर्षाला चार टक्क्यांची वाढ येथेही धरली, तर आठव्या वर्षी भाडे व्याजाच्या वर जाते, आणि पहिल्या सात वर्षांची एकूण तूट घरामागे सुमारे १ लाख ७५ हजार भरते. त्यानंतरच्या वाढाव्यातून आधी ही तूट आणि मग मुद्दल फिटत जाते, आणि एका भाडेपट्ट्याएवढी साठ वर्षे उलटतात तेव्हाही इमारत, जमीन आणि उत्पन्न ही तिन्ही महामंडळाचीच राहतात. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा यांच्याकडील संयमी भांडवलाला याहून स्वच्छ तारण कोणते असेल?

असे प्रयत्न यापूर्वी झाले आहेत, आणि त्यांतील चुकाही आपल्यासमोर आहेत. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यासाठी कर्ज काढले आणि कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविला. हेतू उत्तम होता, पण १६० चौरस फुटांची कोंदट खोली आणि कामापासून दूरची जागा यांमुळे वरळीच्या पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. पुढे २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना आखली: विकासकास वाढीव चटईक्षेत्र द्यावे आणि त्याने त्या बदल्यात छोटी घरे प्राधिकरणास बांधून द्यावीत. जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही त्या घराचे माप १६० चौरस फूटच होते. योजनेचे भाडे-स्वरूप टिकले नाही. पनवेलजवळच्या कोन येथील घरे दोन-दोन जोडून अखेर गिरणी कामगारांना सोडतीने विकण्यात आली. कामगारांना हक्काचे घर मिळाले हे योग्यच झाले, पण भाड्याचा साठा म्हणून त्यांचा हिशेब शून्यावर आला. वीतभर खोली, शहराच्या टोकाची जागा आणि बांधून झाल्यावर सांभाळणारा कोणी नाही, या तीन चुका टाळल्या तर काय होते हे व्हिएन्ना शहर दाखविते: तेथील नगरपालिकेने १९२३ मध्ये गृहनिर्माण कर बसवून चांगल्या वस्तीत, अंगणे, धुलाईघरे आणि वाचनालये यांसह कामगारांची घरे बांधली, ती विकली नाहीत, आणि आज तिच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे भाड्याने आहेत.

म्हणून माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. आपण २०२४ मध्ये २६ हजार घरांची विक्री जाहीर केली. त्यांतील पुष्कळशी बामणडोंगरी, खारकोपर, मानसरोवर, खांदेश्वर अशा रेल्वे स्थानकांलगत आहेत, आणि मागच्या पिढीने जी चूक केली ती, म्हणजे दूरची जागा, आपण टाळली आहे. यापुढील प्रत्येक गृहयोजनेतील किमान दहावा हिस्सा विक्रीतून वगळून भाड्यासाठी राखून ठेवावा, आणि ज्या योजनांत घरे न विकता पडून आहेत तेथून आरंभ करावा. विमानतळ कंपनीत महामंडळाचा २६ टक्के वाटा आहे. तेथील कामगारांच्या निवासाची तरतूद त्या भागीदारीचा भाग मानावा. परवान्याची मुदत अकरा महिने नसावी, पाच वर्षे असावी. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडे कायद्यातील मर्यादेप्रमाणे अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी. आणि एकटी स्त्री, विद्यार्थी, परप्रांतीय किंवा कोणत्याही जातिधर्माचा अर्जदार यांस नाकारता येणार नाही, असे करारातच लिहावे. देखभालीसाठी भाड्यातून स्वतंत्र निधी बाजूला काढावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही खात्यात वळविता येऊ नये.

आणि गावठाणांना या तजविजीबाहेर ठेवू नये. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले त्यांनी या शहरातील कष्टकऱ्यांना चाळीस वर्षे निवारा दिला, तोही स्वतःच्या जोखमीवर. त्यांच्या घरांची संरचनात्मक तपासणी करून, जी सुरक्षित आहेत त्यांचे दस्तऐवज निर्वेध करून द्यावेत, आणि जी दुरुस्त होऊ शकतात त्यांच्यासाठी महामंडळाच्या हमीवर अल्प व्याजाचे कर्ज मिळवून द्यावे. त्या बदल्यात मालकाने नोंदणीकृत करार, अग्निसुरक्षा आणि वाजवी भाडे यांची कबुली द्यावी. शहराला अधिक घरे मिळवून देण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला दिसत नाही, आणि यापेक्षा अधिक न्याय्य तर नाहीच.

महोदय, घर विकले की त्याची रक्कम त्याच वर्षाच्या ताळेबंदात जमेस दिसते. भाड्याचे घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देते आणि शहरात कामासाठी येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून नागरिकाचा सन्मान देते. महामंडळाच्या पुढील गृहयोजनेच्या जाहिरातीत विक्रीच्या घरांच्या संख्येशेजारी भाड्याच्या घरांचीही संख्या छापली जावी, आणि ती शून्य नसावी, एवढीच माझी आग्रहाची विनंती आहे.



आपला विश्वासू,
नवी मुंबईचा एक रहिवासी